शौकिनांचा कॅमेरा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. उर्दू माध्यमाची, तालुक्याच्या गावातली साधी शाळा. स्मरणिका काढायचे ठरले आणि बी.एड.ला इतिहास हा माझा विषय होता म्हणून शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जुने हजेरीपट मिळाले, दाखल्यांचे रजिस्टर मिळाले, सभांच्या इतिवृत्ताची वही मिळाली. मिळाला नाही तो फक्त शाळेचे संस्थापक मौलवीसाहेब यांचा फोटो. त्यांच्या घरी गेलो. नातू म्हणाला, "सर, दादांनी आयुष्यभर फोटो काढू दिला नाही. हजला जायची फार इच्छा होती, तेही नशिबात नव्हते. नाहीतर निदान पासपोर्टचा तरी फोटो असता."

ज्या माणसाने दारोदार फिरून मुले गोळा केली आणि पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू केली, त्याचा चेहरा आम्हा शिक्षकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हता. त्या निमित्ताने एक प्रश्न मनात घर करून बसला. आपल्या देशात कॅमेरा आला तेव्हा तो कोणी हातात घेतला? कोणाचे फोटो निघाले आणि कोण चौकटीबाहेर राहिले? मग मिळेल ते वाचत गेलो. वाचताना जाणवले की या इतिहासातली काही मोलाची पाने पगारी छायाचित्रकारांनी लिहिलेली नाहीत. ती शौकिनांनी लिहिली आहेत.

'शौक' हा शब्द मराठीत जरा बदनाम आहे. 'त्याला फार शौक आहेत' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उधळपट्टी येते. उर्दूत शौक म्हणजे ओढ, मनाची तळमळ. इंग्रजीत ज्याला अमॅच्युअर म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला 'प्रेम करणारा' हाच अर्थ आहे. ज्या कामाचे पैसे कोणी देत नाही आणि तरीही माणूस ज्यासाठी उन्हातान्हात वणवण करतो, तो शौक. या लेखात शौकीन हा शब्द मी त्याच अर्थाने वापरतो आहे.

कॅमेऱ्याची गोष्ट निघाली की आपल्या सभांमधून इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. सुमारे ९६५ मध्ये बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या या विद्वानाने 'किताब अल-मनाज़िर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा सात भागांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला. अंधाऱ्या खोलीला छिद्र असेल तर बाहेरचा उजेड आत कसा येतो, ग्रहणाच्या वेळी छिद्रातून सूर्याची कोर कशी उमटते, हे त्यांनी प्रयोग करून तपासले. अशा खोलीला ते 'अल-बैत अल-मुज़लिम', म्हणजे काळोखे घर म्हणत. मात्र दोन गोष्टी मी मुलांना आवर्जून सांगतो. छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे त्यांच्या शेकडो वर्षे आधी चीनमध्ये मोझीच्या अनुयायांनी नोंदवले होते. आणि 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, असे जे ऐकवले जाते, त्याला आधार नाही. तो लॅटिनमधला 'खोली' या अर्थाचा शब्द आहे. इब्न अल-हैसम यांचा मोठेपणा सिद्ध करायला अशा टेकूची गरज नाही. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हेच तर त्यांनी शिकवले.

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी काळ्या कागदाने बंद करून मध्ये पेन्सिलीएवढे भोक पाडले की समोरच्या भिंतीवर मैदानातला गुलमोहर उलटा उभा राहतो. मुले ओरडतात. आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "सर, तस्वीर तो हराम है ना?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या समाजातल्या कॅमेऱ्याचा इतिहास या प्रश्नाला धरूनच घडला आहे. उर्दूत छायाचित्राला दोन शब्द आहेत, तस्वीर आणि अक्स. तस्वीर म्हणजे घडवलेली आकृती, अक्स म्हणजे प्रतिबिंब. फोटोग्राफरला उर्दूत अक्कास म्हणतात. सगळा वाद या दोन शब्दांत सामावला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती राहिलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी मत मांडले की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे, नवी आकृती घडवणे नव्हे, म्हणून तो जायज आहे. आपल्याकडे देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याच विषयावर पुस्तक लिहून उलट बाजू मांडली. त्यांच्या मते साधन बदलले म्हणून तस्वीरचा हुकूम बदलत नाही. मी आलिम नाही, निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण एका बाबतीत वाद नव्हता. झाड, फूल, डोंगर, इमारत, ज्यात जीव म्हणजे रूह मानली जात नाही अशा गोष्टींच्या चित्राला हजरत इब्न अब्बास यांच्यापासून चालत आलेल्या रिवायतीचा आधार होता. म्हणूनच जुन्या पिढीतल्या धार्मिक घरांतही कोणाला कॅमेऱ्याचा शौक लागला तर तो फुलांकडे, इमारतींकडे आणि आगगाड्यांकडे वळत असे. माणूस तेवढा बाहेर राही.

अर्थात सगळेच शौकीन असे नव्हते. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांतच कॅमेरे हिंदुस्थानात येऊन पोहोचले. त्या पहिल्या पिढीत लखनौचे अहमद अली खान हे नाव मला सर्वांत जवळचे वाटते. लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. नवाबी लखनौतले हे दरोगा. १८५० च्या दशकात त्यांनी छायाचित्रण आत्मसात केले आणि वाजिद अली शाह यांच्या घराण्यातल्या माणसांपासून इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका, त्यांची मुले, सर्वांचे फोटो काढले. तेव्हाच्या एका पाद्र्याने घरी लिहिलेल्या पत्रांतून कळते की हे गृहस्थ फोटोचे पैसे घेत नसत, उलट मागतील त्यांना प्रती देत. रसायने, कागद, वेळ, सारे स्वतःचे.

फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. १८५७ च्या उन्हाळ्यात लखनौ पेटले, रेसिडेन्सीला वेढा पडला. अहमद अली खान यांच्या कॅमेऱ्यासमोर बसलेली कितीतरी माणसे त्या काही महिन्यांत मरण पावली. इंग्लंडमधल्या त्यांच्या नातेवाइकांसाठी एका हिंदी मुसलमानाने फुकट काढून दिलेला फोटो हीच शेवटची खूण उरली. त्यांच्या छायाचित्रांचे अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत.

याच लखनौत १८५८ मध्ये फेलीचे बेआतो हा व्यावसायिक छायाचित्रकार आला. सिकंदरबागेच्या आवारात विखुरलेल्या हाडांचा त्याचा फोटो जगभर गाजला. चित्राचा परिणाम वाढावा म्हणून ते अवशेष मुद्दाम मांडले गेले होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. एकाच शहराची ही दोन दर्शने. एकाने जिवंत माणसे घरच्यासारखी समोर बसवली, दुसऱ्याने विजेत्यांच्या बाजारासाठी मृतांना मांडले. पुढे १८७४ मध्ये लखनौच्या नगरपालिकेत अभियंता राहिलेले दरोगा अब्बास अली यांनी आपल्या शहराचा पन्नास छायाचित्रांचा 'लखनौ अल्बम' प्रसिद्ध केला. पडझड झालेल्या इमारतींची ती जणू हजेरीच होती.

लखनौत एकेकटा शौकीन होता, मुंबईत मात्र शौकिनांनी संस्था उभी केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि ऑक्टोबर १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. अशा प्रकारची ती हिंदुस्थानातली पहिली संस्था. मद्रास आणि कलकत्त्याच्या संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेत इंग्रजांबरोबर एतद्देशीयही होते, डॉ. भाऊ दाजी लाड त्यांपैकी एक. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. पुढच्याच वर्षी विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिक काढले. ते १८५८ पर्यंत चालले आणि त्याच्या प्रत्येक अंकात खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत शौकिनांसाठी फोटोंचे मासिक निघत होते, हे वाचून मला मौज वाटली.

रेल्वे आणि कॅमेरा यांची गाठ मग बोरघाटात पडली. १८५६ मध्ये तिथे रुळांचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि १८०० फुटांहून अधिक चढ. १८६१ च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत मजूर राबत होते. त्यातला मोठा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस इंग्लंडला निघून गेली नाही. तिने ठेका स्वतःकडे घेतला, अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. या अ‍ॅलिसबाईंना छायाचित्रणाचा शौक होता. त्यांनी काढलेले घाटातल्या कामाचे फोटो आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

तो शौक सोपा नव्हता. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन पसरायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी काळोख्या तंबूत धुवायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत. घाटातल्या एप्रिलच्या उन्हात तर त्याहून कमी वेळ मिळत असणार. शिवाय भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जे स्थिर राही तेच काचेवर नीट उमटे. डोंगर उमटे, पूल उमटे, ऐटीत उभा राहिलेला साहेब उमटे. पाटी उचलून चाललेली मजूर बाई मात्र धुरकट रेघ होऊन जाई किंवा दिसतच नसे. त्या काळच्या फोटोंत रस्ते ओसाड दिसतात याचे कारण हेच. कॅमेऱ्याचा यात दोष नव्हता. पण इतिहास शिकवणाऱ्याने लक्षात ठेवावे असे हे आहे. राबणारा माणूस थांबत नाही, म्हणून तो फोटोत येत नाही.

फुलांचा शौकही याच काळातला. इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळांची निळी छायाचित्रे छापून पुस्तकरूपाने काढली. त्यात कॅमेरा नव्हताच. लोहाच्या क्षारांचे द्रावण लावलेल्या कागदावर पान किंवा फूल ठेवायचे, उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. झाकलेला भाग पांढरा राहतो, बाकी कागद निळा होतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या याच पद्धतीने पुढे इमारतींचे नकाशे निघू लागले आणि 'ब्लूप्रिंट' हा शब्द रूढ झाला. नेचे आणि फुले यांचे असे ठसे ही शौकिनांनी वनस्पतिशास्त्राला दिलेली देणगी आहे. शाळेत सूर्यप्रकाशाचा पाठ शिकवताना याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

आता कलाबाजीचा भाग. आज मुले मोबाइलवर एका फोटोतला माणूस दुसऱ्या फोटोत चिकटवतात आणि आपल्याला वाटते की ही लबाडी नवी आहे. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र तयार केले होते. आपल्या मुंबईतही जॉन्सन यांनी तेच केले. १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत निघालेल्या त्यांच्या पुस्तकात मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जाति-जमातींचे फोटो आहेत. माणसे एकीकडे टिपली आणि मागचे देखावे दुसरीकडून आणून जोडले. तंत्र म्हणून ते कौतुकास्पद आहे. पण त्यातला माणूस नाव हरवून 'नमुना' झाला. पुढे सरकारने हेच काम आठ खंडांत केले. 'द पीपल ऑफ इंडिया' हा तो ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. त्याची सुरुवात लॉर्ड कॅनिंग यांच्या खाजगी हौसेतून झाली होती. १८५७ नंतर मात्र ती हौस राज्य चालवण्याचे साधन झाली. कोणती जमात इमानदार, कोणती बंडखोर, अशा शेऱ्यांसह माणसांचे चेहरे छापले गेले. शौकाची नोंदवही सरकारी रजिस्टर झाली की काय होते, याचा हा धडा आहे.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात यायला आणखी वेळ लागला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर फोटोंची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. फ्रान्समधला जाक आंरी लार्तिग हा मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून घरच्यांचे, उड्यांचे, पतंगांचे, शर्यतीच्या गाड्यांचे फोटो काढत होता. धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा फिरवताना त्याच्या एका फोटोत चाक लांबट आणि तिरके उमटले. तेव्हा ती चूक वाटली असेल. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन भरवले तेव्हा वेगाचे दर्शन म्हणून तोच फोटो नावाजला गेला. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागची झाडे रेघा होतात, ही युक्ती आज रेल्वेचे फोटो काढणारा प्रत्येक शौकीन शिकतो. बोरघाटातल्या काचेला जे जमले नव्हते ते अशा तऱ्हेने साधले. चालणारा आता चौकटीत आला.

आपल्याकडे ही क्रांती बडोद्यात बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक-थ्री या साध्या कॅमेऱ्याने केली. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. प्रत्येक फोटो जपून काढावा लागे, कारण रोल धुण्याचे आणि छापण्याचे पैसे वेगळे. असा एक क्लिक-थ्री आमच्या गावातही होता, हे मला स्मरणिकेच्या धावपळीत कळले.

रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक चाचा आमच्या शाळेचे पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत दीडदोनशे फोटो. वाफेची इंजिने, सिग्नल, पुलावरून जाणारी मालगाडी, माथेरानची छोटी गाडी. ती गाडी बघताना ते म्हणाले, "सर, ही लाइन आपल्या पीरभॉयनी बांधली, मुलांना सांगता का?" मी सांगत नव्हतो. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली, हे आमच्या मुलांना माहीत नव्हते. गाड्यांखाली फुले होती, कर्दळ, जास्वंद, पावसातली तेरड्याची फुले. माणूस एकही नाही. "वालिद म्हणायचे, फोटो काढ, पण जानदार चीज नको. मग काय, गाड्या आणि फुलं."

डब्याच्या तळाशी शाळेचा फोटो निघाला. जून महिना असावा, नवीन लावलेला गुलमोहर पहिल्यांदा फुलला होता, म्हणून चाचांनी त्याचा फोटो काढला होता. झाड मधोमध. आणि डाव्या कडेला, अर्धे चौकटीबाहेर, लुंगी-कुर्त्यातले एक गृहस्थ वाकून बादलीने रोपांना पाणी घालत होते. हात हललेला, चेहरा किंचित पुसट, पण दाढी, टोपी आणि चष्मा ओळखू येत होता. चाचांनी बोट ठेवले. "मौलवीसाहेब. त्यांना कळलं असतं तर रागावले असते. मी झाडाचाच काढत होतो."

मी तो फोटो घेऊन नातवाकडे गेलो. छापायचा की नाही, हा हक्क त्या घराचा होता. मौलवीसाहेबांनी जे आयुष्यभर पाळले, ते त्यांच्यामागे मोडण्याचा अधिकार शाळेला नव्हता. नातू बराच वेळ फोटो बघत राहिला. त्यानेही आजोबांना पाहिले नव्हते. मग त्याने आईला बोलावले. त्या माउलीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अब्बाच आहेत. शाळेत जाऊन असंच पाणी घालायचे." परवानगी त्यांनी दिली, एकच अट घातली, कापून मोठा करायचा नाही. झाडासकट जसा आहे तसाच छापायचा.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रोज शेकडो फोटो निघतात आणि फोन बिघडला की जातात. फोटो कमी पडतात ही आता आपली अडचण नाही, त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहिण्याची सवय आपल्याला नाही. अहमद अली खान यांच्या अल्बममधल्या माणसांखाली नावे लिहिलेली आहेत, म्हणून ती माणसे आज इतिहासात आहेत. आपल्या मोहल्ल्यातला विणकर, मदरशातली मुले, ईदगाहची जुनी भिंत, बंद पडलेला छापखाना, यांचे फोटो कोणी सरकार काढणार नाही आणि काढलेच तर त्याखाली काय लिहील याचा भरवसा नाही. ते काम शौकिनांनीच करायचे आहे. ज्यांना माणसाचा फोटो नको वाटतो त्यांनी माणसाने लावलेले झाड टिपावे, बांधलेली भिंत टिपावी, आणि खाली लिहून ठेवावे की ते कोणी लावले, कोणी बांधली.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आम्ही तो फोटो छापला. खाली इतकेच लिहिले: 'शाळेच्या मैदानातील गुलमोहर. डावीकडे संस्थापक मौलवीसाहेब, रोपांना पाणी घालताना. छायाचित्र: पहिल्या तुकडीचा एक विद्यार्थी.'